नळीला माया सोडावी

मी ब्लाऊज शिवते. सांगलीत, विश्रामबागेत, घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनं, एक इस्त्री आणि कापायचं टेबल, एवढाच पसारा. तीस वर्षं झाली मापं घेतेय. त्यामुळे गेल्या वर्षी मे महिन्यात अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवर पाच मापं टाकली आणि पाचातली चार चुकली, तेव्हा माझा मलाच राग आला. कापड चुकलं तर पट्टी जोडून, कळी घालून काहीतरी निभावता येतं. नळीला कळी घालता येत नाही.

सगळं सुरू झालं लेकीने आणलेल्या विंडचाइममुळे. कुठल्याशा प्रदर्शनात साडेतीनशे रुपयांना घेतला होता. चार चकचकीत नळ्या, मध्ये प्लास्टिकचा गोळा, खाली रंगीत पोपट. हौसेने व्हरांड्यात टांगला. वारा आला की वाजायचा, पण कसा, तर घासायला टाकलेले चमचे मोरीत पडावेत तसा. टिक, टक, टिक. पुढे काहीच नाही. यांना त्याचा त्रास नव्हता, कारण यांचा टीव्ही चालू असतो. मला होता. मी दर गुरुवारी आमच्या भजनी मंडळात पेटीवर बसते. फार मोठं गाणं येत नाही, पण सूर लागला की नाही एवढं कळतं. आणि या पोपटवाल्याचा सूर लागतच नव्हता, लागायच्या आतच मरत होता.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. स्टुलावर चढून तो खाली काढला आणि नळ्या सोडवल्या. प्रत्येक नळीला अगदी टोकाशी भोक होतं, काठापासून अर्धा सेंटिमीटरही नाही. एक नळी सुटी दोऱ्यावर धरून लाटण्याने वाजवली, तरी तीच मुकी टक. दोष भोकाचा आहे हे तेव्हा कळलं नाही. मला वाटलं नळीच हलकी. म्हटलं, आपण चांगली नळी आणू.

आधी घरातलाच जुना पडद्याचा रॉड वाजवून पाहिला. वाजला, पण आवाज पत्र्याच्या डब्यासारखा, आणि आतून गंज निघाला तो वेगळाच. मग पाइपांच्या दुकानात गेले. अ‍ॅल्युमिनियमची बाराफुटी नळी, बाहेरून २५ मिलिमीटर, पत्र्याची जाडी दीड मिलिमीटर. काट्यावर किलोच्या थोडी वर भरली. दुकानदाराने विचारलं, “पडद्याला का, वैनी?” म्हटलं, “नाही, वाजवायला.” त्याने पुढे काही विचारलं नाही. रिक्षात बसेल एवढे तीन तुकडे मात्र करून दिले.

कोणते सूर घ्यायचे यावर मला फार विचार करावा लागला नाही. वारा काही रागाचं चलन शिकत नाही. तो सा नंतर ध वाजवेल, दोन नळ्या एकदम वाजवेल, एकच दहादा वाजवेल. तेव्हा कुठलाही सूर कुठल्याही सुराशेजारी आला तरी खटकू नये, असेच सूर हवेत. म्हणजे भूप राग. सा, रे, ग, प, ध. म आणि नी नाहीतच, त्यामुळे अर्ध्या सुराची टक्कर होत नाही. पाच सूर, पाच नळ्या. (पुढे एक गिऱ्हाईक मला सांगत होतं की वास्तूला सहा लागतात. वास्तूचं मला माहीत नाही, भूपाला पाच लागतात.)

आता मापं. पेटी शिकवणारे आमचे गुरुजी एकदा तंबोऱ्याच्या तारेवर दाखवून गेले होते: तार दोन तृतीयांश धरली की पंचम, चार पंचमांश धरली की गंधार. तो हिशेब डोक्यात पक्का बसलेला. सा साठी ४५० मिलिमीटर धरले. मग रे ४००, ग ३६०, प ३००, ध २७०. आकडे किती गुळगुळीत! टेबलावर टेप लावून खुणा केल्या, शेजारच्या पोराकडून हॅक्सॉ आणला आणि एका बैठकीत पाचही कापल्या. माया सोडली नाही. ब्लाऊजला अर्धा इंच माया सोडल्याशिवाय मी कधी कात्री लावत नाही, आणि इथे सरळ खुणेवर कापलं. का, ते आजही सांगता येणार नाही. धातू म्हटल्यावर माप म्हणजे मापच, असं काहीतरी वाटलं असावं.

पाची नळ्या दोऱ्याने हँगरला बांधल्या आणि लाटण्याने एकेक वाजवली. सा ठीक, त्याला चुकायला जागाच नव्हती. रे वाजवला तर कानात ग आला. ग वाजवला तर पंचम आणि कोमल धैवत यांच्या मधलं काहीतरी. पंचम म्हणून कापलेली नळी थेट वरच्या, तार सप्तकातला रे देत होती, तोही जरा उतरलेला. आणि धैवत? तो तार सप्तकात मध्यमाच्या आसपास कुठेतरी भरकटला होता. पेटी उघडून पट्टी दाबून बघितली, फोनमध्ये सूर मोजायचं अ‍ॅप घेऊन बघितलं. सा ७४० हर्ट्झ दाखवत होता, म्हणजे काळी तीन, वरच्या सप्तकातली. पंचम १११० यायला हवा होता, आला साडेसोळाशेच्या आसपास. हे दारातून डोकावून म्हणाले, “भूप म्हणाली होतीस ना?”

दोन दिवसांनी नळ्या कापडी पिशवीत घालून मिरजेला गेले. सांगलीकरांना मिरज म्हणजे घरातलीच दुसरी खोली. अस्तराचं कापड, दवाखाना, रेल्वे, सगळ्याला मिरजच. पण सतारमेकर गल्लीत मी आयुष्यात दोनदाच गेले असेन. अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव, तंबोरे इथून देशभर जातात, २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, हे सगळं तोंडपाठ. प्रत्यक्ष दुकानात मात्र पिशवीतून पाइपाचे तुकडे काढताना लाज वाटली. वर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठाले भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि त्यात एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याची घोडी (तारा टेकतात ती पट्टी) मांडीवर घेऊन कानशीने जवारी काढत बसलेले. घासायचं, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. मी दहा मिनिटं नुसती बघत उभी होते.

नळी बघून ते हसले नाहीत. कानशीच्या लाकडी मुठीने एकदा टोला दिला आणि म्हणाले, “ही तार न्हवं, ताई. तार ताणली म्हणून वाजती. ही स्वतःच्या ताठपणावर वाजती. तारेचं गणित हिला लावलंत व्हय?”

मग त्यांनी जे करून दाखवलं ते मी तेव्हापासून येईल त्याला करून दाखवते. नळी दोरीने आडवी टांगली, मधोमध टोला दिला, आणि नाद चालू असताना दोन बोटांची चिमटी नळीला लावली. टोकाला लावली, नाद तुटला. मध्यावर लावली, तुटला. परत टोला, परत चिमटी, दर वेळी बोटभर आत. आणि एका जागी चिमटी लावली तर नाद तसाच चालू! धरलंय तरी वाजतंय. “हितं ती हालतच न्हाई,” ते म्हणाले. “हितं भोक पाडा. हालत्या जागी बांधलं तर दोराच नाद खातो.” पोपटवाल्याची टक कुठून येत होती ते तिथे उभ्या उभ्या कळलं.

निघताना त्यांनी सहज विचारलं, “हे पेटीबरोबर वाजवायचं हाय का?”

“नाही, वाऱ्याबरोबर.”

“मग सा पेटीचा कशाला पायजे? तंबोरा गाणाऱ्याला लावत्यात, गाणारा तंबोऱ्याला न्हाई.”

मी हो हो म्हटलं आणि बस पकडली. त्या वाक्याचा उपयोग रात्री झाला.

रात्री लेकीला फोन लावला. ती पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणाली, “आई, तारेची लांबी अर्धी केली की कंपनं दुप्पट होतात. नळीची लांबी अर्धी केली की चौपट. वर्गाच्या प्रमाणात जातं. म्हणून तू वर्गमूळ काढून काप.” आणि न हलणारी जागा दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर असते, हेही तिनेच सांगितलं. मी टेप घेऊन मिरजेत केलेली पेन्सिलीची खूण मोजली. ४५० च्या नळीवर १०१ मिलिमीटर भरले. २२.४ टक्क्यांनी १००.८ येतात. त्या म्हाताऱ्या बोटांनी पाव मिलिमीटरसुद्धा चूक केली नव्हती.

वर्गमूळ काढून नवी मापं आली: सा ४५०, रे ४२४, ग ४०२.५, प ३६७.५, ध ३४८.५. आता कापून ठेवलेले तुकडे यात कुठे बसतात ते बघू लागले. ४०० चा तुकडा ग होण्यासाठी अडीच मिलिमीटर कमी. अडीच! जरा माया सोडली असती तर बसला असता. रात्री साडेअकराला टेबलावर नळ्या मांडून बसले होते आणि तेव्हा ते वाक्य आठवलं. ग बदलता येत नाही ना, मग सा बदला. ४०० ला ग धरलं तर त्याचा सा ४४७ वर येतो. म्हणजे सा ची नळी तीन मिलिमीटर कापायची. कापायला तर येतं! सा ७४० वरून ७५० च्या जवळ चढला. काळी तीनला चिकटून, जरा वर. पेटीशी जुळणार नाही, पण पेटी काय व्हरांड्यात टांगायची आहे?

बाकी मग पटापट लागलं. ३६० च्या तुकड्यातून ध निघाला. रे आणि प तेवढे नव्या नळीतून कापले. ३०० आणि २७० चे दोन तुकडे उरले, ते अजून मशीनच्या खणात आहेत.

या वेळी प्रत्येक नळीला तीन मिलिमीटर माया सोडून कापलं आणि मग कानस घेतली. हे काम मला मनापासून आवडलं. नळी शेगडीच्या जाळीसारखी गरम होईपर्यंत घासायची नाही, सावकाश घासायची, हे आधी शिकले. कारण पहिल्यांदा रे घासत बसले, सूर बघितला, अजून उतरलेलाच, परत घासलं, परत उतरलेला. शेवटी वैतागून चहाला उठले आणि परत येऊन वाजवला तर चढून बसलेला. कानशीने नळी तापते आणि तापलेली नळी उतरती वाजते. गार झाली की खरा सूर दाखवते. म्हणजे मी मायेच्या पलीकडे गेले होते. तो रे गेला. दुसरा कापला. तेव्हापासून शेजारी ओलं फडकं. पाच-सहा हात घासायचं, फडक्यात धरायचं, पुसायचं, मग वाजवायचं.

एक मिलिमीटर कमी झाला की सा तीन-सव्वातीन हर्ट्झ चढतो. आखूड नळ्यांना तोच मिलिमीटर जास्त महाग पडतो. शिवाय आखूड नळ्या हिशेबापेक्षा किंचित उतरत्या लागतात, कारण ते वर्गाचं गणित बारीक लांबट नळीचं आहे. लांबीच्या मानाने नळी जाड झाली की ते थोडं ढळतं. ध ला म्हणूनच शेवटी मिलिमीटरभर जास्त घासावं लागलं. आकड्याने दारापर्यंत नेलं, पुढे कानाने आणि कानशीने. शेवटी शेवटी तर मी अ‍ॅप बंदच केलं. सा आणि प एकदम वाजवायचे आणि दोघांमध्ये ती लाट येते ना, वूं वूं वूं, ती संथ होत होत थांबली की हात थांबवायचा. पेटीच्या पट्ट्यांत ती कधीच पुरती थांबत नाही. इथे थांबली.

भोकं पाडणं मात्र वैतागाचं काम. नळी गोल, ड्रिलचं बिट सटकतं. दोन ठिकाणी ओरखडे आले. मग सुताराने सांगितलं तसं लाकडाच्या ठोकळ्यात इंग्रजी व्ही सारखी खाच पाडून घेतली, त्यात नळी बसवली, पंचाने आधी खळगी पाडली, मग तीन मिलिमीटरचं बिट. आरपार, दोन्ही बाजूंनी. सा ला वरून बरोबर १०० मिलिमीटरवर, ध ला साडेसत्याहत्तरवर. इथे एक चूक केली ती पुढे जुलैत कळली.

वरची चकती म्हणून लेकीच्या भातुकलीतला पोळपाट काढला. तिची परवानगी फोनवर घेतली. त्याचे तीन पाय कापले, ११ सेंटिमीटरचं वर्तुळ काढलं आणि कंपासपेटीतल्या कोनमापकाने बहात्तर-बहात्तर अंशांवर पाच भोकं. मध्ये वाजवायला लोलक हवा. आधी रबरी चेंडू लावून पाहिला. आवाज गोधडीतून आल्यासारखा. मग सुताराकडून सागवानाची पाच सेंटिमीटर व्यासाची चकती काढून घेतली, काठ गोल करून. चकती आणि नळ्या यांच्यात चारी बाजूंनी पावणेदोन सेंटिमीटर जागा उरते. याहून कमी ठेवली तर झुळुकीलाही कलकलाट, जास्त ठेवली तर वादळाची वाट बघा. लोलकाच्या खाली वारा धरायला स्टीलच्या डब्याचं झाकण, कडेला भोक पाडून उभं टांगलेलं. डबा कधीच हरवला होता. झाकण घरात असतंच.

टांगताना आमच्यात वाद झाला. यांचं म्हणणं, सगळ्या नळ्या वरून एका रेषेत हव्यात, नाहीतर खालून तरी. मी दोन्ही केलं नाही. मी सगळ्यांचे मध्य एका रेषेत घेतले, कारण टोला नळीच्या मधोमध बसायला हवा. तंबोऱ्याच्या तारेत मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे सूर सुखाने नांदतात. नळीचा पुढचा सूर २.७६ पटीवर असतो, त्याच्यापुढचा ५.४० पटीवर. हे कुणाच्याच सप्तकात बसत नाहीत, ती जी धातूची झणझण असते ती यांची. पण २.७६ वाल्याची गंमत अशी की नळीचा बरोबर मध्य त्याच्यासाठी न हलणारी जागा असते. तिथे टोला दिला की तो उठतच नाही. म्हणून ध चा दोरा सा च्या दोऱ्यापेक्षा २८ मिलिमीटर लांब ठेवला, की दोघांचे मध्य जुळले. दिसायला नळ्या वर-खाली, खालच्या बाजूला तर दात पडल्यासारख्या. हे म्हणाले, “वेडंवाकडं दिसतंय.” म्हटलं, “डोळे मिटून बघा.”

मृगाच्या दोन दिवस आधी व्हरांड्याच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात टांगला. त्या संध्याकाळी वळवाच्या आधीचा वारा सुटला आणि झाकण पहिल्यांदा तिरकं झालं. लोलक प ला लागला. मग सा. मग बराच वेळ काही नाही, आणि प अजून हवेतच होता. मी हातातला हेमिंगचा ब्लाऊज तसाच मांडीवर ठेवून बसले. तिकडून टीव्हीचा आवाज कमी झाला, हे लक्षात आलं पण मी काही बोलले नाही.

जून-जुलैत इकडे सगळ्यांचं लक्ष आयर्विन पुलाखालच्या पाण्यावर असतं. माझं वाऱ्यावर होतं. पश्चिमेचा वारा एकदा सुरू झाला की दिवसरात्र थांबत नाही. आठव्या दिवशी शेजारचे निवृत्त मास्तर फाटकाशी आले. माणूस सभ्य, गाण्यातला. म्हणाले, “वहिनी, भूप सुरेख लागलाय. पण भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. दोन वाजता वाजवायचा तर मालकंस लावा.” मी हसले, पण मुद्दा कळला. त्या रात्रीपासून झोपायच्या आधी झाकण वर उचलून परकराच्या नाडीने ग्रिलला बांधायचं. सकाळी दूध घेताना सोडायचं. हे काम आता दूध तापवण्याइतकं अंगवळणी पडलंय.

जुलैतली चूक सांगायची राहिली. नळ्या मी मशीनच्या जाड दोऱ्याने बांधल्या होत्या, तिहेरी पीळ देऊन. दोऱ्यातलं आपल्याला कोण शिकवणार, हा माज. एका पावसाळी रात्री, नाडी बांधायची विसरले होते, बाहेर धाडकन आवाज झाला. प ची नळी तुळशीच्या कुंडीवर. सकाळी दोरा बघितला तर कात्रीने कापावा तसा कापलेला. भोकाच्या कडेला ड्रिलने धारदार ओठ उठलेला असतो, तो घासायचा असतो. मी वरून पॉलिश पेपर मारला होता, आतून नाही. महिनाभर नळी त्या धारेवर झुलत दोरा कापत होती. मग पाची नळ्या उतरवल्या, जाड बिट हाताने भोकात फिरवून कडा मोडल्या आणि मासे धरायचा जाड तंगूस ओवला. तंगूसही उन्हाने कडक होतो, म्हणून वर्षातून एकदा बदलायचा, कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. प च्या टोकाला पडल्याने खळी आली. सूर किंचित हलला, सा शी ती लाट परत सुरू झाली, अगदी संथ. घासून सारखा करता आला असता. ठेवला तसाच.

दिवाळीपर्यंत माझ्या गिऱ्हाइकांत बातमी पसरली. ब्लाऊज घ्यायला येणाऱ्या बायका आधी झाकण ढकलून बघायच्या, मग फिटिंग. तिघींना करून दिले. एकीला बागेत टांगायला हवा होता, आणि “तो धातूचा नको, देवळात बसल्यासारखं वाटतं” म्हणाली. तिला बुरडाकडून वेळू आणून बांबूचा केला. त्यात सुराचा हिशेब लागत नाही, प्रत्येक पेराची जाडी वेगळी. नुसती खळखळ, पण मऊ, ओल्या मातीत शोभणारी. अवकाळी पावसात भिजून त्याचा आवाज बसला, आणि उन्हाळ्यात आतून भुगा पडू लागला. बांबू आधी बोरॅक्सच्या पाण्यात भिजवून सुकवायला हवा होता. दुसरा देणार आहे तिला.

ऑक्टोबरमध्ये तर गंमतच. वारा पार पडला. झाकण दिवसचे दिवस सरळ उभं. येणारी प्रत्येक जण विचारायची, बिघडलाय का?

या वर्षी फेब्रुवारीत मास्तर परत फाटकाशी आले. त्यांची नात दहावीला, परीक्षा तोंडावर, आणि तिची अभ्यासाची खिडकी माझ्या व्हरांड्यासमोर. त्यांनी मागायच्या आधीच मी म्हटलं, महिनाभर बांधूनच ठेवते. झाकण वर घेतलं, नाडीला दोन गाठी मारल्या. लोलकाचा दोरा ढिला होऊन कमानीसारखा लोंबत राहिला.

मराठीचा पेपर झाला त्या दिवशी त्या दोऱ्यावर कोळिष्टकासारखं काहीतरी दिसलं. केरसुणीने काढणार होते. दुसऱ्या दिवशी त्यात वाळकं पान, तिसऱ्या दिवशी कापूस, आणि माझ्या ओळखीचा चिंध्यांचा धागा, राणी रंगाचा, सकाळीच अस्तर कापलं होतं त्यातला. मग ती दिसली. शिंजीर. बोटाएवढी, पिवळट पोटाची मादी, बाकदार चोच. नर जांभळा चकचकीत, तो नुसता तारेवर बसून ओरडायचा, काम हिचंच. कोळ्याच्या जाळ्याने एकेक कस्पट दोऱ्याला चिकटवत आठवड्याभरात तिने लांबट पिशवी विणली, बाजूला दार, दारावर छोटीशी वळचण. सागवानी लोलकाच्या बरोबर वर. वळचणीची कड मी निरखून बघितली, तिथे तिने बरीच माया सोडली होती.

परीक्षा संपली. नात खिडकीतून म्हणाली, “काकू, आता सोडा की.” मी तिला बोलावून पिशवी दाखवली. दारातून फक्त चोच दिसत होती. एप्रिलचा वारा आता सुटायला लागलाय, सा ची नळी तेवढी एकटी हलते, कशालाच लागत नाही. नाडीची गाठ सैल झाली होती, ती आज सकाळी परत घट्ट केली.